बबिताच्या नावाची परीक्षा

१२ नोव्हेंबर

फुकटची वही मिळाली. शाळेतल्या बंकट सरांनी दिली, साक्षरता वर्गाची. पहिल्या पानावर ठिपक्याठिपक्यांचे अ आ इ ई — त्यावरून पेन्सिल फिरवायची म्हणे. मी फिरवणार नाही. मी तिसरी पास आहे! तिसरीनंतर बापानं शेळ्यांमागं धाडलं, पण अक्षर सोडलं नाही.

सरांना विचारलं, माझं नाव अडाण्यात कावून घातलं? म्हणाले, मावशी, वरून बारा नावं मागितलीत, गावात माणूस कुठंय?

ते खरं. अंगठा लावणारे सगळे ऊसतोडीला गेले. मागं उरल्या म्हाताऱ्या, पोरं आणि कुत्री.

वही ठेवून घेतली. मला लिहायचं ते लिहीन.

१३ नोव्हेंबर

माझा लेक सोमनाथ आणि सून बबिता, जाऊन आठवडा झाला. दरसाल जातात, कोल्हापूरकडं. धाकटी संस्कृती दीड वर्षाची, ती संगं नेली. थोरली आरोही माझ्याजवळ, तिसरीत आहे.

निघताना सोमनाथ ट्रॅक्टरवरून म्हणला — "माय, आमी येईस्तोवर ही वाचाया लागली तर ऱ्हाऊ दे शाळेत. न्हाईतर पुढल्या साली संगं नेतो. बारकीला तर धरंल."

बबिताचं वेगळंच. जायच्या आदल्या दिवशी सरांना रस्त्यात अडवून स्वतःचं नाव वर्गात घालायला लावलं. म्हणली, आल्यावर शिकन. मी हसले. नवऱ्याच्या मागं मोळ्या बांधणारीला पेन्सिल कशाला? आणि सरांनीही लिहून घेतलं, ती पाच महिने इथं नसणार हे डोळ्यानं दिसत असून. नाव मिळालं, बास.

१५ नोव्हेंबर

आरोहीला म्हणलं, वाच. पोरगी सुटली धडाधड. माकडाचा धडा. बोट ओळीवरून पळतंय, तोंड त्याच्याही पुढं. मला वाटलं, सोमनाथ उगंच बोंबलतो, हिला तर येतंय.

मग मी पानावर पंजा ठेवला. अख्खं पान झाकलं. तरी पोरगी थांबली नाही! माकड झाडावर चढलं, फळ खाल्लं, खाली उतरलं.

अंगणात राखेनं मी "शेळी" लिहिलं. म्हणलं, हे काय? बघत बसली. शेवटी म्हणली, आजी, हे आमच्या पुस्तकात न्हाई.

१८ नोव्हेंबर

शाळेत गेलते. बंकट सर खुर्चीत, मोबाईलात डोकं. म्हणलं, माझी नात तीन वर्षं इथं काय करायली? त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. आरोहीच्या नावापुढं हिरवी खूण — वाक्य वाचते.

म्हणलं, तक्त्यावर वाचते. माझ्या अंगणात तिला शेळी वाचता येईना.

म्हणाले, मावशी, वर्गात एकदम वाचतात ना, सगळ्यांच्या आवाजात कळत नाही कोण वाचतंय आणि कोण नुसतं म्हणतंय. म्हणलं, तुम्हाला कळत नाही तर काय गावच्या पोलीस पाटलाला कळणार? मग त्यांनी मोबाईल दाखवला. ही माहिती भरायची, ती लिंक भरायची, खिचडीचा फोटो टाकायचा, झाडाचा फोटो टाकायचा.

म्हणलं, भरा. मोबाईल भरा. पोरगी रिकामीच ऱ्हाऊ द्या.

बाहेर आले तर दोघीतिघी माझ्या तोंडाकडं बघायल्या. बघा म्हणावं.

२ डिसेंबर

साक्षरता वर्ग सुरू झाला एकदाचा. मारुतीच्या पारावर, दुपारी. शिकवायला कोण, तर दहावीतली ऋतुजा. गुणाची पोर आहे, पण तिला कुणी सांगितलं नाही काय शिकवायचं. तिनं तक्ता लटकावला. अ अननसाचा. सरस्वतीबाईनं विचारलं, अननस म्हंजी काय गं? ऋतुजा म्हणली, एक फळ असतं, मीपण न्हाई खाल्लं.

आम्ही सहाजणी बसलेलो. त्यातल्या पाचजणींना वाचता येतं. खरी अडाणी एकटी सरस्वतीबाई, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

१६ डिसेंबर

आज वर्ग नव्हता, फोटो होता. सर म्हणाले, पाट्यांवर काहीतरी लिहा आणि माझ्याकडं धरा. सगळ्यांनी अ काढला. मी लिहिलं — आज शिकवलं नाही. धरलं समोर. सरांनी फोटो काढला, बघितला नाही, पाठवून दिला.

२४ डिसेंबर

आठ दिवस वाट बघितली. तो फोटो इथून बीडपर्यंत गेला, तिथून अजून कुठं कुठं गेला असंल. कुणी काही म्हणलं नाही. म्हणजे तिकडंही आमच्यासारखेच अडाणी बसलेत!

९ जानेवारी

मीच शिकवायला बसले. काय अवघड आहे त्यात? आम्हाला गुरुजींनी छडीवर शिकवलं. रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी आरोहीला घेऊन बसते. क दाखवला, म दाखवला. विचारलं की ततपप. दिली एक. परत विचारलं. परत ततपप. अजून एक.

११ जानेवारी

आज पोरगी शेळ्यांच्या गोठ्यात लपली. ओढून आणली.

१२ जानेवारी

म्हणली — "आजी, तू हात उचलतीस ना, तवा मला अक्षर दिसतच न्हाई. नुसता तुझा हात दिसतो."

तोंड वर करून बोलती म्हणून अजून एक दिली. मग मीच उठले. भाकरी करपली.

३० जानेवारी

सोमनाथचा फोन. पहिलं तेच, वाचाया लागली का? म्हणलं, लागली थोडी. खोटं बोलले. मागून बारकी रडायली. बबिताला फोन दिला तर ती म्हणली, आत्याबाई, आरोहीला नका मारू. तिला कुणी सांगितलं? आरोहीनंच सांगितलं असंल, शेजारच्या फोनवरून. घरातलं बाहेर सांगायला बरी जीभ फुटती.

१४ फेब्रुवारी

बंकट सर आज स्वतः दारात. चहा नको म्हणाले, म्हणजे काम मोठं. मार्चात साक्षरतेची परीक्षा आहे. बारा नावांतली सहाजणं ऊसतोडीला. त्यांच्या नावानं कुणीच बसलं नाही तर सरांना नोटीस येणार.

खाली बघत बोलले — "मावशी, तुमी बसणारच हायत. पण तुमच्या नावाला नंतर कुणीबी बसवता येईल. तुमी बबिताच्या नावानं बसा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

म्हणजे माझं अक्षर चांगलं आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक!

हाकलूनच देणार होते. पण मग माझ्या डोक्यात आलं. म्हणलं, बसते. पण आरोहीला रोज एक तास शिकवायचं. शाळा सुटल्यावर, इथं, माझ्या डोळ्यासमोर. म्हणाले, परीक्षा होईस्तोवर शिकवतो. म्हणलं, तिचा बाप येईस्तोवर. मान खाजवली. मग हो म्हणाले.

बबिताला विचारायचं काय त्यात? नावच तर आहे. नाव झिजतंय थोडंच.

१७ फेब्रुवारी

आले बरं का! मला वाटलं होतं टांग मारतील.

पुस्तक उघडलंच नाही. आरोहीला विचारलं, तुला काय आवडतं? म्हणली, शेळ्या. नावं काय त्यांची? काळी, लिंबी, आणि एक बिनशिंगाची ती भोंडी. सरांनी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका खिशातून काढली, कात्रीनं तुकडे केले, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं — का. ळी. लिं. बी. तुकडे मांडले. मग बदलले. काबी. ळीका. पोरगी हसायला लागली. सर म्हणाले, हसू नको, वाच.

सगळा तास त्या चार तुकड्यांवर घालवला. मला वाटलं, हा माणूस वेळ काढतोय.

२१ फेब्रुवारी

माझ्यावर सरांचा राग निघाला. आरोही अडली, मी चटकन सांगितलं — "मका!" सर म्हणाले, मावशी, तुम्ही सांगितलं की ती वाचणार नाही, तुमच्या तोंडाकडं बघणार. ती अडली की गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा.

मला शिकवायले! दहापर्यंत मोजलं तर दूध उतू जातंय.

आज सहापर्यंत गेले.

२६ फेब्रुवारी

नऊ. नवाला ती म्हणली "कामाला". तिचं तिनं.

उठून आत गेले, उगंच, पाणी प्यायला.

३ मार्च

सर बरे शिकवतात, हे लिहून ठेवते, तोंडानं म्हणणार नाही. चूक झाली की चूक म्हणत नाहीत. म्हणतात, परत बघ, दुसऱ्या तुकड्यावर काय आहे? आणि पोरगी खरंच परत बघती.

मी विचारलं, असं येतंय तर तीन वर्षं शाळेत कावून नाही शिकवलं? म्हणाले — "मावशी, अख्ख्या दिवसात शिकवायला मला हाच एक तास मिळतो." म्हणलं, मग बाकीचा दिवस काय खुर्ची शिकवती का पोरांना? हसले. रडल्यासारखे हसले. तरी मला कीव आली नाही. पोरं माझी बिघडलीत, त्यांची नाही. त्यांची बीडात इंग्रजी शाळेत आहेत.

२३ मार्च

परीक्षा झाली. शाळेतच. पाच म्हाताऱ्या, आणि प्रत्येक जणी दुसऱ्याच कुणाच्या नावानं. बाहेरून एक मॅडम देखरेखीला आल्या होत्या, त्यांनी वय विचारलं. बबिता सव्वीस वर्षांची. मी म्हणलं, उन्हात राबून असं होतंय. मॅडम कागदाकडं बघत राहिल्या.

सगळं बरोबर आलं तर संशय येईल म्हणून हिशेबात दोन चुका मुद्दाम केल्या. तिसरी खरीच झाली.

शेवटी होतं, आपल्या कुटुंबाबद्दल चार ओळी लिहा. बबिताच्या नावानं लिहिलं — माझी सासू लई कष्टाळू आहे. तिच्यामुळं घर चालतं.

खाली सही. बबिता सोमनाथ गर्जे. वळणदार काढली.

११ एप्रिल

आले! दोघंही काळेठिक्कर. बबिता फार वाळली. संस्कृती मला ओळखेना, भोकाड पसरलं.

सोमनाथनं पाणीसुद्धा पिलं नाही नीट. फरसाण बांधून आणलेला पेपरचा कागद सोडला, तेल पुसलं, आरोहीपुढं धरला. वाच.

आरोहीनं बोट ठेवलं. दु. मग थांबली. सोमनाथनं तोंड उघडलं — मी त्याच्या दंडाला असा चिमटा घेतला की गपकन मिटलं. मोजत बसले. सात, आठ. "दुष्काळी." मग पुढं. "भागात टँकरची मा... मागणी वाढली." पाठ केलेलं नव्हतं. तो कागद तिकडचा, तिनं जन्मात बघितला नव्हता.

सोमनाथ म्हणला — "ऱ्हाऊ दे हिला हितंच."

मी शेळीला पाला टाकायला गेले. जिंकले मी!

१२ एप्रिल

बबिता आरोहीला जवळ घेऊन तो कागद परत वाचायला लावत होती. एकच ओळ, चार वेळा.

२ जून

आज सगळं उलटलं.

सर सर्टिफिकेट देऊन गेले. मी कपाटात टाकणार, तोवर आरोहीनं हिसकलं. आता जे दिसंल ते वाचत सुटती. चुलीपाशी जाऊन आईला वाचून दाखवलं — बबिता सोमनाथ गर्जे, साक्षर घोषित करण्यात येत आहे.

बबिता भाकरी थापत होती. म्हणली, परत वाच. आरोहीनं परत वाचलं.

मग माझ्याकडं बघून विचारलं — "मी कवा बसले?"

सांगितलं सगळं. लपवायचं काय? म्हणलं, तुझ्याच लेकीसाठी केलं. नाहीतर पुढल्या साली ती तुझ्यामागं उसाच्या फडात असती.

तव्यावरची भाकरी काढली, चूल विझवली आणि तशीच शाळेत गेली. पिठाच्या हातानं.

३ जून

सर तिला म्हणाले, ह्या साली नाव घेता येत नाही. मोबाईलात टाकलं की दाखवतंय, आधीच साक्षर. काढायचं असंल तर लिहून द्यावं लागेल की परीक्षेला दुसरंच कुणी बसलं होतं. मग सरांची नोकरी जाते आणि आम्हा पाचजणींवर काय ते होतंय. शिकायचंच असंल तर घरी शिक की, म्हणाले.

बबिता हे सगळं शांतपणे सांगत होती. मला वाटलं, झालं, निवळलं. मी म्हणलं, एवढं काय त्या वर्गात? अननस शिकवतात.

मग बोलली. एवढ्या दिवसांत मला जे सांगितलं नव्हतं ते.

फेब्रुवारीत तिचं पोट लई दुखायचं. तिकडं एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणला, गर्भाची पिशवी काढून टाकू, कटकट मिटंल. कागद पुढं सरकवला. ही विचारायली, ह्यात काय लिवलंय? नर्स म्हणली, तुला वाचता येतंय का? मग अंगठा दे.

"अंगठा न देता पळून आले, आत्याबाई. तसंच दुखणं घेऊन मोळ्या बांधल्या. त्या कागदावर काय होतं, मला अजून ठावं न्हाई. पुढल्या साली परत तोच दवाखाना, तोच कागद. म्हणून ह्या साली वर्गात बसायचं होतं मला."

सव्वीस वर्षांची आहे. आमच्या वाडीत तिच्याएवढ्या किती जणींच्या पिशव्या गेल्यात, मला तोंडपाठ आहे.

४ जून

माझं चुकलं असं कुणी म्हणू नये. पोरगी वाचाया लागली की नाही?

२० जून

बबिता बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही.

म्हणलं, चल, मी शिकवते तुला. म्हणली, तुमच्याकडून न्हाई.

८ जुलै

आरोहीकडून शिकायली! दुपारी दोघी ते पत्रिकेचे तुकडे मांडून बसतात. आठ वर्षांची पोर आईला म्हणती, परत बघ, दुसऱ्या तुकड्यावर काय हाय? आणि आई अडली की डोळे मिटून ओठ हलवत मोजती.

मी दारात बसून शेंगा फोडते. मला कुणी बोलावत नाही.

३० ऑगस्ट

बबिता छोटे छोटे शब्द वाचायली. जोडाक्षर आलं की घाम फुटतो. किराण्याच्या पुड्यावरचं, बसवरचं वाचती. दवाखान्यातला कागद अजून लांब आहे. तिलाही कळतंय ते.

१९ सप्टेंबर

मुकादम येऊन गेला. सोमनाथनं जोडी सांगितली — नवरा-बायको. एक तोडणार, एक बांधणार, एकट्याला कुणी घेत नाही.

मुकादमाची फटफटी वळली तशी बबिता म्हणली, मी येणार नाही. सोमनाथ ओरडला. जोडीचा शब्द दिलाय, उचल घेतलीय, आता माणूस कुठून आणू? तिचा आवाज वाढला नाही. माझ्याकडं हात केला —

"माझ्या नावानं परीक्षेला बसल्या ना. आता माझ्या नावानं फडातबी जाऊ द्या त्यांना."

२० सप्टेंबर

सुनेनं सासूला असं बोलावं! तीस वर्षं तोडला मी ऊस. दोन्ही गुडघे तिकडंच सोडून आले. साठी उलटली. थंडीत पाचटाच्या कोपीत झोपायचं, पहाटे उसाचं वाढं ओढायचं, डोक्यावर मोळी — कशाला? हिला दोन अक्षरं जोडता यावीत म्हणून? माझ्या सासूपुढं मी मान वर केली नव्हती. शिकली की अशीच होणार. मी नाही जाणार. सोमनाथला तोंडावर सांगितलं.

इथं पुढं लिहिलेलं पान फाडलं. शिव्या होत्या.

११ ऑक्टोबर

आज बबिताचं पोट दुखलं. भिंतीला धरून उभी राहिली. आरोहीनं पाणी दिलं. मी विचारलं, लई दुखतंय का? मान हलवली. चार महिन्यांत पहिल्यांदा मला उत्तर दिलं.

२७ ऑक्टोबर

ट्रॅक्टर सात वाजता. बबिता आणि दोन्ही पोरी घरी राहणार. बंकट सरांना काल सांगून आले, रोजचा तास परत सुरू करायचा, आता मायलेकी दोघींसाठी. नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती. मोळ्या मी बांधीन. वही इथंच ठेवते, चुलीच्या वरच्या फळीवर, बबिताचा हात पोचतो तिथं. तिकडं लिहायला बोटं सरळ होत नाहीत.